शुक्रवारचे पाणी आणि पाइपातली हवा

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पुरवठा, ही सूचना आपल्याला पाठ आहे. त्यातील ‘कमी दाबाने’ हे शब्द अनेकांना दिलगिरीचे वाटतात. मला ते शहाणपणाचे वाटू लागले, ते आमच्या इमारतीत घडलेल्या एका प्रकारामुळे.

अशाच एका शुक्रवारी गच्चीवरची कोरडी टाकी भरल्यावर प्लंबरने खाली येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला. तळमजल्यावरचा उघडा राहिलेला नळ आधी फुसफुसला, मग पांढुरके पाणी थुंकू लागला, आणि तेवढ्यात डक्टमध्ये घण घातल्यासारखा आवाज होऊन जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, आट्यांतून निसटला. त्याला टेफ्लॉनची टेप अजून लोंबत होती.

“हवा तर गादीसारखी असते, तिने धक्का सोसायला हवा होता,” असे आमच्या सेक्रेटरींचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. पंपिंग स्टेशनवर हवेची मोठी टाकी मुद्दाम जोडतात, ती धक्का जिरवण्यासाठीच. परंतु पाइपात अडकलेली हवा थोडी असेल, तर धावत येणारा पाण्याचा स्तंभ तिला इतके दाबतो की क्षणभर तिथला दाब मूळ दाबाच्या कित्येक पट होतो. हवेला बाहेर पडायला वाट मिळाली, तर वेगळाच धोका असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असल्याने त्याच छिद्रातून, त्याच दाबाने, हवा पाण्याच्या जवळजवळ २८ पट वेगाने निघून जाते. साहजिकच हवा संपून पाणी त्या छिद्राशी पोहोचते, तेव्हा मागचा सगळा स्तंभ जणू भिंतीवर आदळतो. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करणाऱ्या झुकोव्स्की यांच्या सूत्राने हिशेब केला, तर लोखंडी पाइपातील पाण्याचा वेग सेकंदाला केवळ १ मीटरने अचानक घटला, तरी दाब १० बारहून अधिक वाढतो. म्हणजे १०० मीटर उंच टाकीचा भार!

मुख्य जलवाहिन्यांवर उंचवट्याच्या ठिकाणी हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह असतात आणि तरीही त्या सावकाशच भरतात, ते यासाठी. आमच्या गच्चीवरही व्हॉल्व्हच्या पुढे हवेचा उभा पाइप होता. कबुतरांना कंटाळून कोणीतरी त्याच्या तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबली होती. ती काढून तिथे जाळी बसवली आहे, आणि आता व्हॉल्व्ह आधी पाव आटाच उघडतात. तळमजल्याच्या नळाची फुसफूस पूर्ण थांबल्याचा फोन आला, की मग उरलेला.