खाऱ्या पाण्याची टाकी, महिना सातवा: गोगलगायी, हर्मिट आणि शेवाळ

टाकीला काल सात महिने झाले आणि पहिल्यांदाच समोरची काच सलग नऊ दिवस न घासता स्वच्छ राहिली, म्हणून लगेच लिहायला बसलोय. ज्यांच्याकडं लहान खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांना नऊ दिवस म्हणजे काय ते कळेल. एप्रिलमध्ये हीच काच सकाळी घासली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत हिरवी व्हायची.

टाकी दोन फूट बाय एक फूट, दगड-वाळू वजा करून पाणी साधारण ५५ लिटर. क्लाउनफिशची एक जोडी, एक छोटा गोबी मासा, मागं लटकवायचा फिल्टर, एक पॉवरहेड (पाण्याला झोत देणारा छोटा पंप). सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात १.०२५ (गोडं पाणी १.०००). घर मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर, म्हणजे मे महिन्यात स्लॅब कसा तापतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

फेब्रुवारीत सगळ्यांना येतो तसा तपकिरी थर आला, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यासारखा. तो आपोआप गेला. खरा त्रास मार्चअखेरीस हिरव्या केसाळ शेवाळानं सुरू केला, दगडावर बोटभर लांब केस, पॉवरहेडच्या झोतात हलणारे. दिसायला छान दिसतं हो, पण त्यात मासळीची घाण अडकते, ती कुजते आणि त्यावर शेवाळ अजून वाढतं. एका दुकानदारानं शेवाळाचं औषध दिलं, बाटलीवर वाचलं तर त्यात तांबं. तांब्यानं गोगलगायी, खेकडे, कोळंबी सगळं मरतं आणि दगडात-वाळूत मुरलेलं तांबं नंतर काढणं फार अवघड, त्यामुळं बाटली उघडलीच नाही. कुणीही उघडू नका.

एप्रिलअखेरीस मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं शेवाळ आणि उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवणाऱ्या प्राण्यांचा पहिला माल मागवला. ५ टर्बो, १० सेरिथ, ६ नासेरियस (या तिन्ही समुद्री गोगलगायी), ४ निळ्या पायांचे हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे). पहाटे कावळा नाक्यावर जाऊन थर्माकोलचा बॉक्स घेतला. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२१ निघालं, माझं १.०२५. गोगलगायीला अंगातलं मीठ माशासारखं सांभाळता येत नाही, बाहेरचं पाणी बदललं की आतलं बदलतं, म्हणून एअरपंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत दोन तास बसलो. एकही मेली नाही.

पण ५५ लिटरला २५ प्राणी हे जास्त झाले, आणि वरनं मे आला. पाणी ३० च्या पुढं गेलं, पंखा लावून दोन-अडीच डिग्री उतरायचं पण रोज जवळजवळ लिटरभर पाणी उडायचं. (उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं, त्यामुळं भरताना गोडंच पाणी भरायचं, हे नवीन लोकांसाठी.) त्यात एक दुपार चार तास लाईट गेली आणि दोन टर्बो गेल्या. एक दगडामागं उलटी पडली होती, मला दिसलीच नाही. टर्बो वाळूवर पाठीवर पडली की तिला बऱ्याचदा स्वतः सरळ होता येत नाही, हात घालून उलटवावं लागतं. आता रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च मारून मोजतो. शंका आली तर बाहेर काढून वास घ्यायचा, जिवंत असेल तर झाकण आत ओढून घेते, मेलेली असेल तर वासाबद्दल शंका राहत नाही. एवढ्या लहान टाकीत एक मोठी टर्बो कुजली तर अमोनिया वर जायला एक दिवस पुरतो.

आणि एवढं करून शेवाळ? लांब केसांना कुणी तोंड लावलं नाही. टर्बोनं थोडं खाल्लं, सेरिथ बाजूनं फिरायच्या. नासेरियस तर शेवाळ खातच नाहीत, त्या वाळूत पुरून बसतात आणि खाणं पडलं की सोंड वर काढून धावतात, उरलेलं खाणं संपवायला उत्तम. मग दगड एकेक करून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेतला आणि टूथब्रशनं घासला, तीन रविवार. मोठे केस मी काढायचे आणि नवीन कोंब त्यांनी खायचे, अशी वाटणी झाल्यावर फरक पडायला लागला. हे आधी कळलं असतं तर महिना वाचला असता.

तरी परत येतच होतं. गंमत म्हणजे टेस्ट किटवर नायट्रेट (शेवाळाचं खतच ते) ५ यायचं, मला वाटायचं पाणी तर चांगलंय. शेवाळ काढल्यावर आठवड्यात तेच २० झालं! म्हणजे खत पाण्यात होतंच, शेवाळच ते पिऊन टाकत होतं. आपण रंकाळा बघितलाय ना, कितीही केंदाळ काढा, सांडपाणी येत राहिलं तर ते परत पसरणारच. माझं सांडपाणी कुठनं येत होतं ते शोधायला लागलो.

ते निघालं स्वयंपाकघरात. मी घरच्या आरओचं पाणी वापरत होतो, आरओ म्हणजे शुद्ध असं धरून. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घातला तर ७२. घरगुती मशीनला टीडीएस कंट्रोलर असतो, पाण्याला चव राहावी म्हणून तो आरओच्या पडद्यातनं न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. पिणाऱ्याला बरं, पण त्यातनं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट सगळं टाकीत येऊ शकतं, आणि मी रोज लिटरभर भरत होतो. जूनमध्ये टाकीसाठी वेगळी लाईन काढून मागं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावलं, आता मीटर ० दाखवतो. दुसरी गोष्ट खाण्याची. मी ऑफिसला गेलो की आई मासळीला परत घालायची, "सकाळपासनं पोटात काय नाही रे त्यांच्या" म्हणून. तिला वाळूवर पडलेले तुकडे दाखवले, आता रोजची एक डबी भरून ठेवतो आणि दुपारचा घास तीच घालते. चिरलेली कोळंबी चाळणीत धुऊन घालतो, ते पांढरं पाणी टाकीत जाऊ देत नाही.

जूनअखेर वाळूवर लाल बुळबुळीत पापुद्रा आला. ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया, त्याला माझी एकही गोगलगाय शिवली नाही. सायफननं ओढून काढलं, पॉवरहेडचा झोत तिकडं वळवला, तीन आठवड्यांत गेलं.

हर्मिटचं एक सांगायचं राहिलं. सेरिथ एकेक करून कमी व्हायला लागल्या आणि एका सकाळी बघतो तर एक हर्मिट कालपर्यंत जिवंत असलेल्या सेरिथच्या शंखात. म्हणून मालवणला गेलो तेव्हा किनाऱ्यावरचे जरा मोठे रिकामे शंख, आत कुणी नाही ना बघून, आणले, उकळून वाळूवर ठेवले. त्या रात्री मी काचेला नाक लावून बसलो होतो. एकानं शंख पायांनी फिरवून फिरवून बघितला, शंखाच्या तोंडात नांगी घालून आतलं माप घेतलं, तसाच धरून पाच मिनिटं थांबला, आणि एका क्षणात तो गुलाबी मऊ पोटाचा भाग या शंखातनं त्या शंखात. परत एकदा जुन्यात गेला, पटलं नाही, परत नव्यात. त्यानंतर एकही सेरिथ गेली नाही.

आज टाकीत ३ टर्बो, ६ सेरिथ, ४ नासेरियस, २ हर्मिट, बाकीचे दोन हर्मिट आणि दोन नासेरियस मित्राच्या मोठ्या टाकीत दिल्या. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०५. टर्बोंना आता शेवाळ कमी पडतंय असं वाटतं, म्हणून आठवड्यातनं दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला रबरानं बांधून ठेवतो.

आणि काल मागच्या काचेवर बारीक पांढरी वेडीवाकडी दोऱ्यासारखी रेघ दिसली, सेरिथची अंडी. तेवढा भाग घासत नाहीये.