काउंटर नसलेला भरणा

भाच्याच्या पैशांत नाक खुपसू नये हे मला कळतं. पण पैसे एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना दिसले की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. त्यातून माझी नोकरीची शेवटची वर्षं फॉरेक्स डेस्कवर गेलेली.

भाचा पुण्यात राहून परदेशातल्या गेमवाल्यांसाठी थ्रीडी मॉडेलं बनवतो. त्यातला एक स्टुडिओ बँकेतून पैसे पाठवत नाही, यूएसडीटीत पाठवतो. यूएसडीटी म्हणजे टेदर कंपनीचं क्रिप्टो टोकन, एक डिजिटल नाणं. एका टोकनाची किंमत एक डॉलर राहील अशी व्यवस्था असते, म्हणून त्याला स्टेबलकॉइन म्हणायचं. ते भाच्याच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे अशी टोकनं ठेवायच्या ॲपमध्ये, येऊन पडतं. तिथून ते एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, न्यायचं, विकायचं आणि रुपये त्याच्या खात्यात उतरवायचे. सांगलीला आला की तो हे काम माझ्या शेजारी बसून करतो. ‘मामा, तुम्ही फक्त बघा,’ म्हणतो. फक्त बघायला मी काय टीव्हीसमोर बसलोय?

या सगळ्यात वॉलेटमधून एक्स्चेंजवर नेण्याचा टप्पा दिसायला सगळ्यात सोपा. पत्ता टाका, रक्कम टाका, बटण दाबा. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आमच्या एनईएफटीतसुद्धा वर्षानुवर्षं पैसे निव्वळ खाते क्रमांकावर जमा होत. नाव जुळतंय का हे सिस्टिम बघत नसे. १ एप्रिल २०२५ पर्यंत पाठवणाऱ्याला समोरच्या खातेदाराचं नाव दाखवायची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, तेव्हा कुठे ते सुधारलं. तरीही, पैसे भलत्याच खात्यात गेले तर निदान समोरच्या शाखेला फोन लावता यायचा, पत्र जायचं, रक्कम अजून खात्यात असली तर खातेदाराला बोलावून त्याची संमती घेता यायची. कटकट असायची, पण दार असायचं. इथे बटण दाबल्यावर कुणाला फोन करणार? ज्या ट्रॉन नावाच्या नेटवर्कवरून टोकन जातं, त्याच्या मॅनेजरला? बँकेत एक जण एंट्री करतो आणि दुसरा ती पास करतो. इथे दोन्ही खुर्च्यांवर आपणच.

म्हणून आमचा पहिला नियम: सुरुवात वॉलेटपासून करायची नाही, एक्स्चेंजपासून करायची. तिथे डिपॉझिटच्या पानावर जायचं, यूएसडीटी निवडायचं आणि ते कुठल्या नेटवर्कवर घ्यायला तयार आहेत ते बघायचं. यूएसडीटी एकच असलं तरी ते ट्रॉनवर आहे, इथेरियमवर आहे, आणखीही बऱ्याच साखळ्यांवर, म्हणजे व्यवहार नोंदणाऱ्या वेगवेगळ्या ब्लॉकचेन नेटवर्कवर, आहे. प्रत्येक एक्स्चेंज प्रत्येक नेटवर्कवरचं घेतंच असं नाही. काही ठिकाणी बाहेरून टोकन आणायची सोयच बंद असते, किंवा देखभालीसाठी तात्पुरती थांबवलेली असते. ते आधी कळलेलं बरं.

नेटवर्क निवडलं की पत्ता दिसतो. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. इथेरियमचा ‘शून्य-एक्स’ने सुरू होऊन ४२ अक्षरांचा. त्यामुळे ट्रॉन आणि इथेरियम यांची सहसा गल्लत होत नाही. वॉलेटच पत्ता नाकारतं. एखादं अक्षर चुकलं तरी बहुतेक वेळा पकडलं जातं, कारण पत्त्यातच पडताळणीची सोय असते. भीती वेगळीच आहे. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम या सगळ्यांचे पत्ते एकाच घडणीचे. इथेरियमसाठी दिलेला पत्ता बीएनबी चेनवर टाकला तर वॉलेट चकार शब्द काढत नाही. पैसे निघतात, एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’ उमटतं, आणि एक्स्चेंजच्या खात्यात शून्य.

भाच्याच्या रूम पार्टनरचं हेच झालं. एक्स्चेंजचं नाव घेत नाही. पैसे जळाले नव्हते. त्या पत्त्याची किल्ली, म्हणजे तिथले पैसे हलवायचा गुप्त कोड, एक्स्चेंजकडेच होती. पण त्या साखळीवर त्या टोकनाची आवक ते बघतच नव्हते. तक्रारीची तिकिटामागून तिकिटं काढली, प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तेव्हा कधीतरी फी कापून रक्कम मिळाली. मिळाली हे नशीब. ते परत देतीलच असा कायदा नाही. आणि जे लोक घाईत डिपॉझिटच्या पत्त्याऐवजी खुद्द टोकनाच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता चिकटवतात, त्यांच्या पैशांवर तर पाणीच सोडायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता कुठून उचलायचा. भाचा वॉलेटमधल्या जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करायचा. ‘मागच्या वेळी तिकडेच पाठवलेले की.’ मी ते बंद करायला लावलं. भामटे काय करतात, तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा, पहिली चार-पाच आणि शेवटची चार-पाच अक्षरं तीच असलेला पत्ता मुद्दाम तयार करतात आणि त्यावरून तुमच्या वॉलेटला शून्य किंवा चिल्लर रकमेचा व्यवहार पाठवून देतात. तो तुमच्या यादीत जाऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही तोच उचलता. मे २०२४ मध्ये अशाच सापळ्यात एका माणसाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या किमतीला बांधलेलं टोकन) गेले, तेव्हाच्या भावाने सुमारे ६.८ कोटी डॉलर. चोराशी वाटाघाटी होऊन बहुतांश पैसे परत आले, पण तेवढ्या रकमेसाठी जगभर बोभाटा होतो म्हणून. भाच्याच्या चारशे डॉलरसाठी कोण वाटाघाटी करणार?

तेव्हा पत्ता दर वेळी एक्स्चेंजच्या पानावरूनच घ्यायचा. तिथून कॉपी करून वॉलेटमध्ये चिकटवला की पुन्हा दोन्ही पडदे शेजारी ठेवून वाचायचा, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरसही असतात. भाचा वाचतो, मी टिकमार्क करतो. सुरुवात आणि शेवट सगळेच बघतात. आम्ही मधली सहा अक्षरंही वाचतो. एकदा बहीण चहा घेऊन आली आणि आम्हा दोघांचं ‘कॅपिटल क्यू, स्मॉल जे, सेव्हन’ ऐकून म्हणाली, ‘काय मंत्र म्हणताय का रे?’

मग फी. याची कल्पना नवख्यांना नसते. वॉलेटमध्ये हजार यूएसडीटी असले तरी ट्रॉनवर ते हलवायची फी यूएसडीटीतून कापली जात नाही. त्यासाठी टीआरएक्स हे ट्रॉनचं स्वतःचं नाणं लागतं. इथेरियमवर ईथर लागतं. ते नसेल तर तुमचे हजार डॉलर समोर दिसतात आणि जागचे हलत नाहीत. वॉलेट कंपन्यांनी आता यावर काही पळवाटा काढल्या आहेत, पण मूळ रीत हीच.

त्यातही एक गंमत आहे, जी मला मनापासून आवडली. ट्रॉनवर प्रत्येक कामाला ‘एनर्जी’ लागते. ज्या पत्त्यावर आधीच थोडे तरी यूएसडीटी आहेत तिथे पाठवायला सुमारे ६५ हजार एनर्जी. ज्यावर एकही नाही तिथे सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे दुप्पट. कारण वहीत नवी ओळ उघडावी लागते. आता एक्स्चेंज काय करतं, तुमच्या डिपॉझिट पत्त्यावर आलेले पैसे थोड्या वेळाने आपल्या मुख्य वॉलेटमध्ये ओढून घेतं. पत्ता पुन्हा शून्यावर. म्हणजे तुम्ही पुढच्या महिन्यात त्याच पत्त्यावर पाठवलंत तरी बऱ्याचदा दुप्पट फीच लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रॉनने एनर्जीचा दर २१० सनवरून १०० सनवर आणला. दहा लाख सन म्हणजे एक टीआरएक्स. या हिशेबाने दुप्पटवाली फी आता साधारण १३ टीआरएक्स पडते, पूर्वी २७च्या आसपास होती. म्हणून वॉलेटमध्ये तीसेक टीआरएक्स कायम ठेवायचे असं आम्ही ठरवलंय, दोन फेऱ्यांना पुरतात.

दोन फेऱ्या कशाला? पहिली चाचणीची. नवा पत्ता असेल तर आधी थोडी रक्कम पाठवायची, ती एक्स्चेंजवर दिसली की उरलेली. भाच्याला हे फार जिवावर येतं, फी दोनदा जाते म्हणून. जाऊ दे. फक्त चाचणीची रक्कम एक्स्चेंजने सांगितलेल्या किमान डिपॉझिटपेक्षा कमी नको. कमी असेल तर ती जमाच दाखवत नाहीत, आणि मग पत्ता चुकला की रक्कम लहान पडली या विचारात रात्र जाते. टॉनसारख्या काही नेटवर्कवर पत्त्याबरोबर मेमोही टाकावा लागतो. तिथे सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच असतो आणि पैसे कुणाचे ते मेमोवरून ठरतं. मेमो राहिला की पुन्हा तिकिटं काढणं आलं.

पाठवल्यावर वाट बघायची. ट्रॉनवर दर तीन सेकंदांना ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, निघतो आणि व्यवहार पक्का व्हायला मिनिटभर लागतं. इथेरियमवर पूर्ण पक्का व्हायला तेरा मिनिटांच्या आसपास. एक्स्चेंज त्यावर स्वतःची वेळ लावतं. अलीकडे पैसे आले की लगेच प्रश्नही येतो: हे वॉलेट कुणाचं, पाठवणारा कोण? भाचा वैतागतो. मला मात्र यात गैर काही वाटत नाही. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजं मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आली, त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. आमच्या वेळी बँकेत पन्नास हजारांवरच्या रोख भरण्याला पॅन मागत, तर यांनी का विचारू नये? उत्तर खरं द्यायचं आणि स्टुडिओचं इन्व्हॉइस जवळ ठेवायचं.

काही जण एक्स्चेंज टाळून टेलिग्रामवरच्या माणसाला यूएसडीटी देतात आणि तो थेट बँकेत रुपये टाकतो. भाव दोन रुपये जास्त मिळतो म्हणे. मी भाच्याला बजावलं, हे केलंस तर माझ्या घरी येऊ नकोस. समोरून येणारे रुपये कुणाच्या फसवणुकीचे असतील हे तुम्हाला कळत नाही. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशांची साखळी धरत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खात्यावर लीन लावते, म्हणजे रक्कम अडकवून ठेवते. तो उठवायला कुठल्या परराज्यातल्या सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागेल ते सांगता येत नाही. काउंटरच्या आत बसून मी अशा पोरांचे चेहरे बघितलेत.

एक्स्चेंजवर विक्री झाली की विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. हे १ जुलै २०२२ पासून. स्वतःच्या वॉलेटमधून स्वतःच्याच एक्स्चेंज खात्यात आणण्याला कर नाही, विकण्याला आहे. नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर. तोटा कशातूनही वजा करता येत नाही. खरेदी किंमत सोडली तर दुसरा कुठला खर्च मान्य नाही, म्हणजे आपली ती टीआरएक्सची फीसुद्धा नाही. आमचे सीए काम करून मिळालेलं टोकन ज्या दिवशी वॉलेटमध्ये आलं त्या दिवसाच्या रुपयांतल्या किमतीला धंद्याचं उत्पन्न धरतात, आणि विकताना तीच खरेदी किंमत. त्यामुळे त्या दिवसाच्या भावाचा स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, ठेवावाच लागतो. भाच्याने एक्सेलची शीट केलीय. मी तिचं प्रिंट काढून फाईलला लावतो, त्यावर तो हसतो.

पैसे एक्स्चेंजवर ठेवून मात्र द्यायचे नाहीत. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि सामान्य खातेदारांचे पैसे त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ अडकून पडले. आला, विकला, उतरवला. आणि वॉलेटमध्ये तरी ढीग कशाला करायचा? ‘स्टेबल’ शब्दावर माझा तितका विश्वास नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्यात यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज डॉलर होते, तेव्हा एक डॉलरचं ते टोकन ८८ सेंटच्याही खाली गेलं होतं. दोन-तीन दिवसांत सावरलं, पण त्या शनिवार-रविवारी ज्याला घरभाडं द्यायचं होतं त्याने काय केलं असेल?

माझं खरं भांडण याच्याही आधीच्या टप्प्याशी आहे. बँकेतून डॉलर आले असते तर परकीय चलन मिळाल्याचा दाखला मिळाला असता, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड लागला असता, उद्या जीएसटीत सेवा निर्यात म्हणून दाखवता आलं असतं. यूएसडीटीला यातलं काहीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या लेखी ते परकीय चलनच नव्हे. भाच्याचं म्हणणं, मधल्या बँका चारशे डॉलरमागे आपापला वाटा कापतात आणि आठवडा लावतात. तेही खोटं नाही, मीच त्या खिडकीत बसायचो. शेवटी तडजोड झाली: जुन्या स्टुडिओशी जमेल तसं, नव्या गिऱ्हाइकाला मात्र इन्व्हॉइसवर स्विफ्ट कोडच द्यायचा.

आता एक शेपूट राहिलंय. पॉलिगॉनवर त्याचे थोडे जुने यूएसडीसी पडून आहेत, ब्रिजवरून, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर नेणाऱ्या सोयीतून, आलेले, ज्यांना यूएसडीसी डॉट ई म्हणतात. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये पॉलिगॉनवर स्वतःचं यूएसडीसी आणलं, त्यानंतर पुष्कळ एक्स्चेंजांनी हे जुनं घेणं बंद केलं. भाच्याचं एक्स्चेंजही ते घेत नाही. पाठवण्याआधी ते नव्यात बदलून घ्यावं लागेल, आणि टोकनाच्या बदल्यात टोकन घेतलं तर तीही विक्रीच धरतात. सीएंना मेल केलाय. ते गणपती झाल्यावर बघू म्हणालेत.