सात छिद्रांचे पेलेट

रिफॉर्मर म्हणजे मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणारी भट्टी; ही अभिक्रिया तिच्यातल्या उभ्या नळ्यांत घडते. तिच्या पीपहोलमधून, म्हणजे भिंतीतल्या झरोक्यातून, रोज डोकावणाऱ्याला नळ्यांचा रंग वाचता येतो. शटडाऊनच्या आदल्या संध्याकाळी मी डोकावलो, तेव्हा एका ओळीतील नऊ नळ्या शेजारणींपेक्षा वरपासून खालपर्यंत उजळ दिसत होत्या. त्या भट्टीतील सगळ्याच नळ्यांत भरलेल्या उत्प्रेरकाचा, म्हणजे निकेल असलेल्या सिरॅमिक पेलेटचा (गोळ्यांचा), आकार मी आखलेला होता.

नियंत्रण कक्षातील प्रेशर ड्रॉपचा, म्हणजे नळ्यांतून जाताना वायूचा दाब किती घटतो त्याचा, आलेख मात्र जवळजवळ सपाट होता. शेकडो नळ्या समांतर जोडलेल्या असल्यामुळे त्यांतील आठ-दहा तुंबल्या, तरी वायू उरलेल्यांतून वाट काढतो आणि एकूण आकडा हलत नाही. तुंबलेल्या नळीत मिथेन आणि वाफ कमी पोचतात. या अभिक्रियेला मिथेनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता लागते. वायू कमी झाला की ती मागणीही घटते, पण बर्नर पूर्वीइतकेच पेटलेले असतात, त्यामुळे सगळा भार नळीच्या भिंतीवर येतो. भिंत वीसेक अंशांनी अधिक तापली तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. तरीही बहुतेक ठिकाणी त्या एका सपाट आलेखावर विसंबून लोक निर्धास्त असतात.

सात छिद्रांच्या आकाराचा मला अभिमान होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. या तापमानाला निकेलवरची अभिक्रिया इतकी वेगवान असते, की वायू पेलेटच्या आत झिरपण्यापूर्वीच पृष्ठभागालगतच्या पातळ थरात ती उरकते. आतले बहुतांश निकेल नुसते बसून असते. म्हणून पृष्ठभाग वाढवायला हवा. पण त्यासाठी पेलेट बारीक केले तर वायूला वाट उरत नाही. पेलेट मोठे ठेवून त्याला छिद्रे पाडली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. मधोमध एक आणि भोवती सहा छिद्रे, बाहेरील कडा किंचित गोलसर, आणि दोन छिद्रांमधील भिंत भाजताना तडकणार नाही इतपतच जाड, हे सगळे जुळवून आणायला मला दोन वर्षे लागली.

छिद्रांचे पेलेट दाबणे हे बाहेरून वाटते तितके सोपे नाही. डायमधील (साच्यातील) छिद्रे पाडणाऱ्या सात पिनांच्या मधल्या अरुंद जागेत भुकटी नीट उतरत नाही, त्यामुळे जिथे भिंत आधीच पातळ तिथेच घनताही कमी पडते. पेलेट बाहेर ढकलले जाताना दाब सुटून ते किंचित फुलते; पिना झिजलेल्या असतील तर त्या क्षणी छिद्राच्या काठावर केसाएवढी चीर पडते. पुढे १४०० अंशांच्या आसपास भाजले तरी ती चीर मिटत नाही, फक्त डोळ्यांना दिसेनाशी होते. तयार माल तपासताना पन्नास पेलेट एकेक करून आडवे चिरडायचे आणि सरासरी बळ कागदावर लिहायचे, ही रीत आहे. खरेदी विभाग तेवढाच रकाना वाचतो. नळीत मात्र आधी तुटते ते सगळ्यांत दुबळे पेलेट, आणि त्याला सरासरीचे काही सोयरसुतक नसते.

दुसऱ्या दिवशी भट्टी थंड झाल्यावर प्रत्येक नळीतून ठरावीक प्रमाणात हवा सोडून दाब मोजला. संध्याकाळी खूण करून ठेवलेल्या नऊच्या नऊ नळ्या सरासरीच्या बऱ्याच वर निघाल्या. त्यांतला माल व्हॅक्यूमने ओढून काढला आणि एका नळीचा ढीग मी स्वतः चाळायला बसलो. भुकटी माझ्या अंदाजापेक्षा कमी होती. जास्त होते ते तीन-चार मिलिमीटरचे त्रिकोणी तुकडे, म्हणजे मधल्या छिद्राच्या आणि बाहेरच्या दोन छिद्रांच्या मधला भाग, अचूक तिथेच तुटलेला. मग एक अखंड पेलेट उचलून उजेडाकडे धरले. सातपैकी पाच छिद्रांत असलेच तुकडे अडकले होते, काही तर इतके घट्ट की टाचणीनेही निघेनात. वायूला वाट मिळावी म्हणून मी जी छिद्रे ठेवली होती, तीच माझ्या पेलेटच्या तुकड्यांच्या बरोबर मापाची होती.

तुटण्याचे कारण गूढ नव्हते. नळीचा धातू तापला की सिरॅमिकच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतो. १०० मिलिमीटर आतील व्यासाची नळी ८५० अंशांना अशी रुंदावते, की तिच्यात आणि पेलेटच्या थरात पाऊण मिलिमीटरहून अधिक फरक पडतो; नळी लांबीनेही वाढते आणि पेलेट खाली सरकून घट्ट बसतात. प्लँट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की नळी थंड होऊन आवळते, पण एकमेकांत अडकलेले पेलेट पुन्हा वर चढू शकत नाहीत. प्रत्येक ट्रिप म्हणजे एक मूठ आवळणे. आम्हाला वर्षाला दोन-तीन ट्रिप होतील असे सांगण्यात आले होते. लॉगबुकात दीड वर्षात चौदा निघाल्या. हे आम्हाला कोणी कळवले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते.

इतके आवळल्यावर कोणतेही सिरॅमिक कधीतरी तुटणारच. मी दोन वर्षे ते तुटू नये म्हणून खपलो. तुटलेच तर कसे तुटावे, हा प्रश्न मी कागदावर एकदाही मांडला नव्हता. त्यानंतर आखलेल्या आकाराला चारच छिद्रे आहेत, मधली भिंत जाड आहे आणि बाहेरून खोबणी आहेत. तो तुटतो तेव्हा दोन किंवा तीन मोठ्या फाका होतात आणि वायू त्यांच्यामधून जाऊ शकतो. पण त्याचे ताजेपणीचे सरासरी बळ जुन्यापेक्षा कमी भरते, आणि रकाना तोच असल्यामुळे पहिल्याच ग्राहकाने नमुना परत पाठवला.

यातही एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. ट्रिप सगळ्याच नळ्यांनी सोसल्या, मग नऊच का तुंबल्या? इतर नळ्यांतही तसेच त्रिकोणी तुकडे होते, पण थोडे. भरतीच्या नोंदींवरून त्या नऊ नळ्यांतला माल एकाच लॉटच्या पिंपांतला होता, आणि तो लॉट दाबला तेव्हा पिना बदलण्याची मुदत जवळ आली होती. म्हणजे दोष माझ्या आकाराचा की झिजलेल्या पिनांचा? उत्पादन विभागाला पहिले उत्तर सोयीचे आहे आणि मला दुसरे, म्हणून मी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. त्या लॉटचे राखून ठेवलेले पेलेट बरणीत सव्वीस आहेत. ते तसेच चिरडले तर बळाचा विखुरलेपणा कळेल. आधी तापवून-निववून मग चिरडले तर ट्रिपचा परिणाम कळेल. दोन्हींना पुरतील इतके ते नाहीत, आणि कोणती चाचणी करायची हे माझे अजून ठरलेले नाही.