राज्य बदललं, मग घटस्फोटाचा कायदा?

एखादा मुलूख एका देशाकडून दुसऱ्याकडे गेला की तिथला घटस्फोटाचा कायदा त्याच दिवशी बदलतो का, असं तुम्ही विचारलंत. सहसा नाही. नवं सरकार आपला विवाह कायदा तिथे मुद्दाम लागू करेपर्यंत जुनाच चालतो आणि त्या मधल्या काळातच माणसांचे खरे हाल होतात.

बुर्गनलांडचं बघा. आजच्या ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाचा हा पट्टा १९२१ पर्यंत हंगेरीत होता. हंगेरीचा १८९४चा विवाह कायदा १ ऑक्टोबर १८९५ पासून लागू झाला. त्यानुसार लग्न सरकारी निबंधकासमोर लागायचं आणि घटस्फोट कुठल्याही धर्माच्या माणसाला मिळू शकायचा. पट्टा गेला ऑस्ट्रियाकडे, जिथे १८११ची दिवाणी संहिता होती. तिच्या १११व्या कलमाप्रमाणे लग्नाच्या वेळी दोघांपैकी एक जण जरी कॅथलिक असला, तरी ते लग्न मृत्यूनेच संपायचं. कोर्टाकडून फार तर वेगळं राहण्याची परवानगी मिळे, दुसऱ्या लग्नाची नाही. ऑस्ट्रियाने बुर्गनलांडात मात्र हंगेरीचाच विवाह कायदा चालू ठेवला. त्यामुळे बुर्गनलांडातल्या आयझेनश्टाट गावच्या कॅथलिक जोडप्याला जी वाट मोकळी होती, ती पन्नासेक किलोमीटरवरच्या व्हिएन्नात बंद होती.

व्हिएन्नाच्या लोकांनी मग आडवाट धरली. लोअर ऑस्ट्रिया प्रांताचे (व्हिएन्ना तेव्हा यातच होतं) प्रमुख आल्बर्ट झेव्हर यांनी १९१९पासून ‘आधीच्या लग्नाचा अडथळा’ माफ करणारे हजारो परवाने दिले. पहिलं लग्न कायद्याने मोडलेलंच नाही आणि दुसरं सरकारी कागदावर उभं! दिवाणी कोर्टं अशी लग्नं रद्द ठरवू लागली, १९२७मध्ये घटनात्मक न्यायालयाने उलट भूमिका घेतली आणि या ओढाताणीत कित्येक बायकांना आपण कायद्याने पत्नी आहोत की नाही हेच कळेना. आमच्या मते हा दोष सरळ संसदेचा, कारण कायदा बदलणं तिच्याच हातात होतं. अखेर १९३८मध्ये नाझी राजवटीच्या विवाह कायद्याने साऱ्या ऑस्ट्रियात घटस्फोट आला. त्यातली वंशभेदाची कलमं १९४५नंतर गेली, घटस्फोट राहिला.

फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या आल्सासमध्ये उलटसुलट झालं. फ्रान्सने १८१६मध्ये घटस्फोट बंद केला होता. १८७१मध्ये आल्सास जर्मनीकडे गेलं, १८७३मध्ये तिथे घटस्फोट परत आला; उरलेल्या फ्रान्सला १८८४ उजाडावं लागलं.

म्हणून जुना निकाल किंवा दाखला वाचताना ताबाबदलाची तारीख एकटी पुरत नाही. नवा कायदा लागू झाल्याची तारीख, लग्नाची तारीख, दावा दाखल झाल्याची तारीख आणि चालू दाव्यांबद्दलचं संक्रमण कलम, हे सगळं शेजारी मांडावं लागतं. चूक बहुतेकदा पहिल्याच तारखेला होते. १९१८च्या शेवटी आल्सासमधलं स्ट्रासबुर्ग पुन्हा फ्रेंच झालं म्हणून तिथल्या १९२२च्या दाव्याला लोक फ्रेंच कायदा लावतात. तिथे फ्रेंच दिवाणी कायदा आला १ जानेवारी १९२५ला. तोवर जर्मन संहिता चालू होती आणि तिच्यात जोडीदाराचं, लग्नानंतर तीन वर्षं टिकलेलं, बरं न होणारं वेड हे घटस्फोटाचं कारण होतं. फ्रेंच कायद्यात ते नव्हतं.