ग्रँट्स ऑफिसर नेमकं करतो काय?

लोकांना वाटतं ग्रँट्स ऑफिसर, म्हणजे सामाजिक संस्थेत देणगीदारांकडून मिळणाऱ्या निधीचं (ग्रँटचं) काम बघणारा, हा फक्त भारी प्रपोजल लिहिणारा माणूस, पण लिहिणं हा छोटा भाग झाला, खरी धावपळ पैसे मंजूर झाल्यावर सुरू होते. अ‍ॅग्रीमेंट नीट वाचायचं, कुठला खर्च चालतो कुठला नाही, एका बजेट लाइनमधले पैसे दुसरीकडे फिरवायला आधी परवानगी लागते का, रिपोर्ट कधी द्यायचा, आणि हे सगळं फील्डवरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजवायचं, कारण बिलं तोच आणणार असतो ना! काम रेंगाळलं तर नो-कॉस्ट एक्स्टेन्शन मागायचं, म्हणजे मुदत वाढते पण पैसा तेवढाच, आणि तेही मुदत संपायच्या आधी मागायचं बरं का.

लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाचं उद्दिष्ट, त्यासाठीची कामं आणि यश मोजायचं कसं हे मांडणारा तक्ता, म्हटलं की सगळे नाकं मुरडतात. १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेसाठी बनवलेला तो तक्ता अजून पाठ सोडत नाही, पण मला विचाराल तर तो नीट भरता आला की अर्धं प्रपोजल तिथंच सुटतं.

करिअरचं म्हणाल तर भाषेच्या आधी एक्सेल आणि अकाउंट्स शिका, ऑडिटरच्या प्रश्नांना न घाबरता उत्तरं देणारा माणूस कुठल्याही संस्थेला हवाच असतो. आणि जमलं तर काही वर्षं देणाऱ्याच्या बाजूला, एखाद्या फाउंडेशनमध्ये काढा, तिकडून अर्ज वाचायला लागलात की कळतं रिजेक्ट का होतात, बरेचदा कामच त्या फाउंडेशनच्या विषयात बसत नसतं, मग लिखाण कितीही भारी असो.