कासला जाताय? फुलांइतकंच रस्त्याकडेही बघा

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला जाऊच नका म्हणणारे मला पटत नाहीत, आणि 'जा, फोटो भारी येतात' एवढंच सांगणारेही नाहीत. नुकतीच जाऊन आले, त्यामुळे डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आधी कामाचं. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत धरा, पण खरी तारीख पाऊस ठरवतो. नुसती झोड चालू असेल तर फुलं खुलत नाहीत, मधूनमधून ऊन पडावं लागतं. म्हणून महिनाभर आधीच शनिवार-रविवार अडवून ठेवू नका. निघायच्या आठवड्यात साताऱ्याकडे कुणाला तरी विचारा आणि मधला वार गाठा. दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आहे, बुकिंग ऑनलाइन होतं. शुल्क आणि वेळा त्या-त्या हंगामाच्या बघून घ्या, बदलत असतात.

आम्ही मंगळवारी सकाळी गेलो. यवतेश्वरचा घाट चढलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. पठारावर वारा सुटलेला, त्यात दोघांच्या छत्र्या उलट्या झाल्या. रेनकोट घ्या. बूट पकड असलेले हवेत, जांभ्यावर शेवाळ धरतं.

आणि गाइड घ्या. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही पठाराभोवतीची गावं संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या मार्फत इथली व्यवस्था बघतात, गाइडही याच भागातले. आमच्या सोबतचे काका बोलायला लागले आणि पुढचे दोन तास आम्ही जेमतेम शंभर पावलं सरकलो असू. नाहीतर लोक येतात, 'गालिचा' शोधतात, गुलाबी तेरडा दिसला की खूश, नाही दिसला की पैसे वाया गेले म्हणत परत. एका कुटुंबाला टोपली कारवी हवी होती. ती सात वर्षांतून एकदा फुलते, हे काकांनी त्यांना तीनदा समजावलं.

काकांनी आम्हाला एका ओलसर खाचेपाशी उकिडवं बसवलं. तिथे निळी-जांभळी सीतेची आसवं होती. एकेक फूल करंगळीच्या नखाएवढं, दोऱ्यासारख्या देठावर, मधे पांढरे ठिपके. बाजूला गेंदाची पांढरी बटणं. आसवांची खरी करामत खाली, पाण्याने भिजलेल्या मातीत: बारीक पिशव्यांचे सापळे, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. इथल्या मातीत अन्नद्रव्यं फार कमी, म्हणून वनस्पतीने शिकारीचा मार्ग धरलेला. मातीचा थर तरी केवढा? काकांनी काडी खुपसून दाखवली. बोटाच्या पेराइतकी आत गेली आणि खट्कन दगडाला लागली. भिंग न्याच, मोबाइलच्या झूमने यातलं अर्धंही दिसत नाही.

हे दिसलं की 'वाटेवरूनच चाला' या पाटीचा अर्थ कळतो. इथली बरीचशी फुलं एका हंगामाची. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, सगळं पावसाळ्याच्या आत. बी धरायच्या आधी रोप तुडवलं तर त्या जागी पुढच्या वर्षासाठी बीच पडत नाही. वाटेला लागूनच, फोटोसाठी बसायला सोयीची अशी एक जागा होती. तिथे नुसतं दबलेलं गवत होतं, भोवती सगळीकडे फुलं.

मग माणसांना आत सोडूच नये का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण कासने हाही धडा गिरवून झालाय. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दीचा लोंढा सुरू झाला. गर्दी आवरायला कुंपण घातलं, त्याने माणसांबरोबर गुरंही अडली. चराई थांबल्यावर गवत माजलं, आणि बुटक्या फुलझाडांवर सावली धरायला लागलं, असं गावकरी सांगत राहिले, काही अभ्यासकांनीही तेच म्हटलं. शेवटी कुंपण काढलं गेलं. 'आमची म्हसरं इथंच चरायची की,' काका म्हणाले, 'तवा काय फुलं नव्हती?' त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. हे पठार कधीच निर्मनुष्य नव्हतं. माणसं किती आली यासोबत ती तिथे काय करतात, हेही मोजायला हवं.

म्हणूनच मला फाटकावरच्या ३००० च्या आकड्यापेक्षा फाटकाबाहेरची काळजी जास्त वाटते. आकडा लागू पठाराला, तोही हंगामापुरता. साताऱ्यापासून कासपर्यंतच्या रस्त्यावर मात्र बारा महिने कुणी मोजणारं नाही. हॉटेलं, फार्महाउस, डोंगर कापून केलेल्या सपाट जागा, प्लॉटच्या जाहिराती. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, उरमोडी नदी याच भागात उगम पावते. उतारावरच्या बांधकामांचं सांडपाणी शेवटी कुठे जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यात 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थान प्रकल्पाचा घाट घातलाय, सुरुवातीच्या आराखड्यातच २३५ गावं होती. जुन्या महाबळेश्वरात मे महिन्यात गाडी घालून बघितलेल्यांना वेगळं काय सांगू!

दुसऱ्या दिवशी ठोसेघरकडून चाळकेवाडीला गेलो. तेही जांभ्याचंच पठार, पण पवनचक्क्यांचं. इथल्या एका अभ्यासात (२०१८) आढळलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त. वरवर बघणाऱ्याला नुसता छान वारा लागतो.

राहायचं कुठे? माझं मत सरळ आहे: सातारा शहरात राहा, नाहीतर गावातल्या घरगुती सोयीत. कास रस्त्यावर 'व्हॅली व्ह्यू' खोली घेणार असाल तर सांडपाण्याचं काय करता, एवढं तरी विचारा. मी एका ठिकाणी फोनवर विचारलं, तर पलीकडून 'मॅडम, स्विमिंग पूल पण आहे' असं उत्तर आलं. गावात पैसा राहावा असं वाटत असेल तर गाइड, जेवण आणि राहणं यावर खर्च करा. डबा, पाणी, सगळं घरून आणून दोन तासांत परतणाऱ्याचा तिथल्या माणसांना प्रवेशशुल्कापलीकडे फार उपयोग नाही. रिकाम्या बाटल्या, वेष्टनं मात्र परत न्या, पठारावर प्लास्टिक चालत नाही.

सज्जनगड, ठोसेघर, कास, बामणोली एका दिवसात 'उरकणारे' भेटले. गाडीतच दिवस गेला म्हणाले. कासला अर्धा दिवस पूर्ण द्या. चालायची तयारी असेल तर राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेने कुमुदिनी तळ्यापर्यंत जा, त्या बाजूला गर्दी पातळ होते, पण वाट उघडी आहे का ते आधी फाटकावर विचारा. गाडी नसेल तर साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरून जाते. फेऱ्या मोजक्याच, तेव्हा चढतानाच कंडक्टरकडून परतीची शेवटची वेळ विचारून ठेवा.