वाकिफ्लीतले सात हंडे

तुर्कस्तानातलं अंताक्या शहर, तिथलं मोझेकचं संग्रहालय, सामानदागचा समुद्र, सगळं दोन दिवसांत उरकलं. त्याबद्दल लिहायला बसले नाही. लिहायचंय ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या एका रात्रीबद्दल.

तुर्कस्तानच्या दक्षिणेला, हाताय प्रांतात, मुसादाग डोंगराच्या उतारावर वाकिफ्ली आहे. जेमतेम सव्वाशे-दीडशे वस्ती, चहूबाजूंनी संत्र्यांच्या बागा. तुर्कस्तानात उरलेलं एकमेव आर्मेनियन गाव म्हणतात ते हेच. बायकांनी घरी केलेले मुरंबे आणि डाळिंबाचा आंबट पाक चर्चजवळ विकायला असतो. अख्ख्या कोवळ्या अक्रोडाचा काळाभोर मुरंबा मी तिथेच पहिल्यांदा खाल्ला.

मेरीमातेच्या सणाला इथे द्राक्षांना आशीर्वाद देतात. तोवर नवीन द्राक्ष तोंडात घालायचं नाही, अशी जुनी रीत. आमच्याकडच्या नवान्नासारखीच, म्हणून मला ती चटकन पटली. आदल्या संध्याकाळी चर्चच्या आवारात सात मोठे हंडे चढतात. गहू आणि मांस रात्रभर शिजवून घोटायचं, त्याला हरिसा म्हणतात. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात चुलवणासमोर बसावं तशी धग लागत होती. ढोल-सनई चालू होती, आणि फोटोवाल्यांची गर्दी इतकी की घोटणाऱ्यांना हात हलवायला जागा नव्हती. त्याचा मला फार राग आला.

हंडे सातच का, असं मी इस्तंबूलहून सुट्टीला आलेल्या एका मुलीला विचारलं. तिने बोटांवर गावं मोजली. मुसादागवर आर्मेनियनांची सात गावं होती. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारकडून आर्मेनियनांच्या हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा ती माणसं डोंगरावर चढली, लढली, आणि फ्रेंच जहाजांनी चार हजारांवर लोकांना इजिप्तमधल्या पोर्ट सैदला नेलं. महायुद्ध संपल्यावर ती परतली. युद्धानंतर फ्रेंचांच्या अंमलाखाली आलेलं हाताय १९३९ मध्ये तुर्कस्तानात गेलं तेव्हा सहा गावांतले बहुतेक सगळे लेबनॉनमधल्या अंजारला निघून गेले. वाकिफ्लीतले बरेचजण राहिले.

म्हणजे सहा हंडे निघून गेलेल्यांचे. गेली ऐंशीहून अधिक वर्षं त्या गावांत आर्मेनियन चूल नाही, तरी त्यांच्या नावाने इथे आग पेटते. शेजारची आजी माझ्याशी तिच्या बोलीत बोलत राहिली. एक शब्द कळला नाही, पण मी उठले नाही.

उठले ते रात्री दोनला, झोप अनावर झाली म्हणून. सकाळी पोचले तर घोटून झालं होतं, आशीर्वाद झाला होता, लोक वाट्या पुसत होते. आजीने माझ्यासाठी द्राक्षांचा एक घोस बाजूला ठेवला होता.

फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात गावातली घरं पडली, चर्चलाही मोठा तडा गेला. बातमी वाचली तेव्हा आधी ती आजी आठवली आणि मग ते आवार. तुम्ही कधी त्या सणाला गेलात, तर रात्री दोनला उठू नका. मी उठले, ते अजून खुपतं.